जुन्या कॉर्व्हेटचे इंजिन टिकते. पेटी कुठे मिळणार?

अमेरिकेच्या रस्त्यांवर धावणाऱ्या हलक्या वाहनांचे सरासरी वय २०२५ मध्ये १२.८ वर्षांवर पोहोचले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या मोटारीसाठी ग्राहक मोजत असलेली सरासरी रक्कम प्रथमच ५० हजार डॉलरच्या पुढे गेली. आयात मोटारींवर एप्रिलपासून आणि अनेक सुट्या भागांवर मेपासून २५ टक्के शुल्क लागू झाले. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये शेव्हर्ले कॅमॅरो आणि डॉज चॅलेंजर या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले होते. मोठ्या व्ही-८ इंजिनाची, दोन दरवाजांची आणि मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात येणारी अमेरिकी गाडी नवी घेण्याचे मार्ग एकेक करून बंद होत असताना अनेकांची नजर वीस-तीस वर्षे जुन्या गाड्यांकडे वळणे स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो त्या गाडीवर भरवसा किती ठेवायचा हा.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी शेव्हर्ले कॉर्व्हेटइतके चांगले उदाहरण नाही. १९५३ पासून आजपर्यंत, एका वर्षाचा अपवाद वगळता, ती सतत विकली जात आहे. पहिल्या वर्षी मिशिगनमधील फ्लिंट येथे अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांचे आसन लाल आणि सगळ्यांना सहा सिलिंडरचे साधे इंजिन. पुढे कारखाना सेंट लुईसला आणि १९८१ मध्ये केंटकीतील बोलिंग ग्रीनला गेला. तिसऱ्या पिढीच्या सुमारे ५ लाख ४२ हजार, चौथीच्या सुमारे ३ लाख ५८ हजार आणि पाचवीच्या सुमारे २ लाख ४८ हजार गाड्या बाहेर पडल्या. क्रीडा मोटारींच्या हिशेबात हे आकडे प्रचंड आहेत आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, या गाडीच्या दीर्घायुष्याचे निम्मे रहस्य या आकड्यांतच आहे.

अमेरिकी गाडी म्हणजे ताकद भरपूर पण बांधणी कच्ची, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खोटा नाही. परंतु जुन्या कॉर्व्हेटच्या बाबतीत तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. ज्या भागाची खरेदीदाराला सर्वाधिक धास्ती असते, ते इंजिन बहुधा शेवटपर्यंत साथ देते. गाडी रस्त्याकडेला उभी राहते ती दुसऱ्याच कशामुळे तरी.

खड्ड्यातून बाहेर आली आणि सुरू झाली

बोलिंग ग्रीन येथील राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. पहिली बाहेर काढली गेली ती २००९ ची झेडआर-१ जातीची निळी गाडी. दगडमातीच्या ढिगाऱ्यावर पडलेली ही गाडी वर आणल्यावर थोड्याच प्रयत्नांत सुरू झाली आणि स्वतःच्या चाकांवर पुढे गेली. आठांपैकी तीन गाड्या पुढे दुरुस्त करण्यात आल्या, पाच चेपलेल्या अवस्थेतच जतन करून ठेवल्या आहेत. एका अपघातावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, हे खरे. पण ज्यांनी या इंजिनांवर काम केले आहे त्यांना या घटनेचे फारसे नवल वाटले नसावे.

शेव्हर्लेने ‘स्मॉल ब्लॉक’ नावाने ओळखले जाणारे व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आणले. त्याची मूळ रचना साधी आहे. कॅमशाफ्ट एकच आणि तो इंजिनाच्या ठोकळ्यात मध्यभागी. तेथून लांब दांड्यांच्या साहाय्याने झडपा उघडतात. ठरावीक मैलांनंतर बदलावा लागणारा रबरी पट्टा नाही, साखळी आहे. याच कुळातील इंजिने कंपनीच्या मालवाहू गाड्यांत, प्रवासी मोटारींत आणि पोलिसांच्या ताफ्यातही बसली. २०११ मध्ये कंपनीने या कुळातील दहा कोटीवे इंजिन तयार केले. पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये १९९७ पासून आलेले ५.७ लिटरचे एलएस-१ इंजिन नव्याने आखलेले असले तरी तत्त्व तेच होते. त्याची भावंडे लाखो पिकअप ट्रकमध्ये धावत आहेत. त्यामुळे इंजिनाचा बिघाड झालाच, तर त्याचा सुटा भाग गावोगावच्या दुकानात मिळतो आणि ते उघडून बसवणारा मेकॅनिकही शोधावा लागत नाही.

तुलनेसाठी त्याच काळातील पोर्शेकडे पाहता येईल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ९११ आणि बॉक्सस्टरच्या इंजिनात मधल्या शाफ्टचे एक बेअरिंग होते. ते निकामी झाले तर संपूर्ण इंजिन गमावण्याची वेळ येत असे. हे प्रकरण अमेरिकेत सामूहिक दाव्यापर्यंत गेले. जर्मन गाडीची बांधणी, आतील कातडे, दरवाजा बंद होतानाचा आवाज हे सगळे कॉर्व्हेटपेक्षा सरस होते, यात वाद नाही. कॉर्व्हेटचे आतील प्लास्टिक तर नव्या गाडीतही स्वस्त वाटत असे. पण तीस वर्षांनंतर प्लास्टिकचा दर्जा आणि इंजिनाचे आयुष्य यांतून एक निवडायचे असेल, तर काय निवडावे हे सांगण्याची गरज नाही.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते खरेदीदाराने माहीत करून घेतलेच पाहिजेत. २००६ ते २०१३ दरम्यानच्या झेड-०६ गाडीतील ७ लिटरचे एलएस-७ इंजिन ५०५ अश्वशक्तीचे होते. त्यातील झडपांचे मार्गदर्शक वेळेआधी झिजण्याच्या तक्रारी सर्वज्ञात आहेत. झडप तुटून आत पडली तर इंजिन संपले. म्हणून जाणकार मालक सिलिंडरचा माथा उतरवून माप घेतल्याशिवाय अशा गाडीचा सौदा करत नाहीत. दुसरा अपवाद १९९० ते १९९५ च्या झेडआर-१ चा. तिचे चार कॅमशाफ्टचे इंजिन लोटसने आखले होते आणि ते ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे, बोटींची इंजिने बनविणाऱ्या मर्क्युरी मरीनच्या कारखान्यात जुळवले जाई. इंजिन उत्तमच होते, पण गाड्या बनल्या अवघ्या ६,९३९. स्मॉल ब्लॉकच्या सुट्या भागांचा महासागर त्या मालकांच्या कामाचा नाही.

पाण्याच्या पंपाखालची चकती

मग गाडी बंद पडते कशाने? चौथ्या पिढीचे उदाहरण बोलके आहे. १९९२ मध्ये आलेल्या एलटी-१ इंजिनाने तीनशे अश्वशक्ती दिली आणि सगळीकडे वाहवा मिळवली. या इंजिनात ठिणगी कोणत्या सिलिंडरला केव्हा द्यायची हे ठरविण्यासाठी ‘ऑप्टिस्पार्क’ नावाची प्रकाशावर चालणारी यंत्रणा होती. बारीक खाचा पाडलेली पातळ चकती फिरते, खाचांतून प्रकाश जातो, तो संवेदक मोजतो आणि संगणकाला इंजिनाची नेमकी स्थिती कळते. कल्पना हुशारीची होती. मात्र ती बसविली कुठे, तर इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, पाण्याच्या पंपाच्या खाली. पंपाचे सील वयोमानाने गळते, हे कुणाही मेकॅनिकला ठाऊक असते. गळलेले शीतक थेट या नाजूक पेटीवर येई. ओलावा आत शिरला की इंजिन अडखळू लागे आणि अखेर बंद पडे. पुढे आतील ओलावा खेचून घेण्याची सोय करून सुधारित पेटी देण्यात आली, पण जागा तीच राहिली.

म्हणजे वीसेक डॉलरचे सील आणि त्यामुळे तीनशे अश्वशक्तीची गाडी टोचन करून घरी. आजही १९९२ ते १९९६ दरम्यानची गाडी विकत घेताना पंपाखाली शीतकाचे डाग आहेत का, हे आधी पाहिले जाते. पंप बदलताना पेटीही बदलावी, हा या गाड्यांच्या मालकांमधील अलिखित नियम झाला आहे. १९९७ च्या गाडीत कंपनीने प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल दिली आणि हा विषयच संपवला.

याच पिढीत चोरी टाळण्यासाठी किल्लीच्या पात्यात एक छोटा रोधक बसविला होता. किल्ली फिरवली की गाडी त्याचा विरोध मोजते आणि तो जुळला तरच इंजिन सुरू होऊ देते. पंधरा वेगवेगळ्या मूल्यांचे रोधक वापरात होते. तीस-पस्तीस वर्षे किल्ली फिरवून कुलपातील संपर्क झिजतात, तारा तुटतात आणि मग गाडी आपल्याच मालकाला चोर समजते. १९८४ ते १९८८ पर्यंतच्या हाताने गियर टाकण्याच्या गाड्यांत चार गियरना विजेवर चालणाऱ्या अतिरिक्त वेगाची जोड दिली होती; ती गुंतागुंतीची यंत्रणा कंपनीनेच १९८९ मध्ये मोडीत काढून सहा गियरचा जर्मन गियरबॉक्स आणला. तो भक्कम आहे, पण दुरुस्तीला आला की खिशाला जड.

या सगळ्यांत एक सूत्र दिसते. ओतीव लोखंड आणि ॲल्युमिनियम यांनी आपले काम केले. ज्या ज्या ठिकाणी रबर, प्लास्टिक, तारेचा जोड किंवा छापील विद्युतपट्टी आली, तेथे वय दिसू लागले.

पाचवी पिढी : सर्वात शहाणी, तरीही

१९९७ ते २००४ दरम्यानची पाचव्या पिढीची कॉर्व्हेट आज किंमत, वेग आणि भरवसा यांचा सर्वांत चांगला मेळ घालते, असे मत जाणकारांत मोठ्या प्रमाणावर आढळते आणि त्याला आधारही आहे. १९९७ मध्ये ती ३७,४९५ डॉलरला मिळत असे. ३४५ अश्वशक्ती, वजन दोन्ही आसांवर जवळपास समान वाटले जावे म्हणून मागे नेलेला गियरबॉक्स आणि लांबच्या प्रवासात आश्चर्य वाटावे इतका कमी इंधनखर्च. १९९६ पासून अमेरिकेत सर्व नव्या मोटारींना ओबीडी-२ ही समान निदानव्यवस्था सक्तीची झाली असल्याने या गाडीचा आजार साध्या उपकरणावरही वाचता येतो. इतकेच नव्हे, गाडीतील पडद्यावर मालक स्वतःच बिघाडांचे संकेतांक पाहू शकतो.

तिची दुखणी मात्र ठरलेली आहेत. क्रँकशाफ्टच्या टोकाच्या कप्पीत दोन धातुकड्यांच्या मध्ये रबर असते. ते सुटले की कप्पी डगमगू लागते आणि पट्टा फेकला जातो. बॅटरी जेथे बसते त्याच्या खालीच इंजिनाचा संगणक आहे. बॅटरी फुटून आम्ल गळले की तारांसह सगळेच खराब होते. हेडलाइट वर उचलणाऱ्या मोटरमधील प्लास्टिकचे चक्र दाते गमावते. पेट्रोलमधील गंधकामुळे टाकीतील मापकाचे संपर्क खराब होतात आणि टाकी भरलेली असूनही काटा शून्य दाखवतो. स्टिअरिंगचे विजेवर चालणारे कुलूप अडकत असल्याने कंपनीला २००४ मध्ये या गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

इंजिन पुढे आणि गियरबॉक्स मागे असल्याने दोहोंना जोडणाऱ्या नळीत फिरणारा शाफ्ट आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना जाड रबराच्या चकत्या. त्या चकत्या पंचवीस वर्षांत तडकतात. चकती स्वस्त आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचायचे तर गाडीचा मागचा सगळा संच खाली उतरवावा लागतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. आणि एकदा एवढे उतरवलेच आहे तर क्लचही बदलून टाका, असे गॅरेजवाला सांगतो, जे चुकीचेही नसते.

खरी अडचण आणखी वेगळी आहे. ब्रेक लॉक होऊ न देणारी आणि चाकांची पकड सांभाळणारी यंत्रणा एका इलेक्ट्रॉनिक पेटीवर चालते. ही पेटी वयाबरोबर आतून बिघडते; डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागतात. कधी कधी नुसते अर्थिंगचे गंजलेले जोड साफ करून भागते, म्हणून आधी ते करावे. पेटीच गेली असेल तर मात्र पंचाईत, कारण जनरल मोटर्सने ती बनवणे थांबवले आहे. साधे ब्रेक चालू राहतात, गाडी थांबते. परंतु ज्या सुरक्षेसाठी मालकाने पैसे मोजले ती राहत नाही. मग पर्याय दोनच. मोडीत निघालेल्या गाडीची पेटी शोधायची, जी स्वतःही तितकीच जुनी असते, किंवा आपली पेटी उघडून आतील तुटलेले जोड पुन्हा जोडून देणाऱ्या छोट्या उद्योगाकडे ती टपालाने पाठवायची. काही वर्षांच्या पेट्या दुरुस्त होतात, काहींच्या बाबतीत ते फार कठीण जाते. त्यामुळे एकाच पिढीतील दोन गाड्यांत केवळ उत्पादनवर्षामुळे मालकाच्या नशिबात फरक पडू शकतो.

कमी धावलेली म्हणजे चांगली?

जाहिरातीत ‘फक्त नऊ हजार मैल’ असे वाचले की खरेदीदार हरखतो. पंचवीस वर्षांत नऊ हजार मैल याचा अर्थ ही गाडी बहुतेक काळ उभी होती, एवढाच. उभ्या गाडीत तेल खाली उतरते, सील कोरडी पडून आकसतात, दहा टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि इंधनवाहिन्यांत घाण साचते. टायरला खाचा भरपूर असतात, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या कडेवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत छापलेले असते. तो आकडा वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. या पिढीत पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावणारे टायर दिलेले असल्याने जादा चाक नाहीच. चाकातील हवेचा दाब कळवणाऱ्या संवेदकांच्या बॅटऱ्या तर केव्हाच संपलेल्या असतात.

याउलट सत्तर-ऐंशी हजार मैल नियमित धावलेली, कप्पी, पंप, चकत्या बदललेली आणि प्रत्येक कामाची पावती जपून ठेवलेली गाडी कमी किमतीत मिळते आणि अधिक काळ साथ देते. पावत्यांची फाइल ही मीटरच्या आकड्यापेक्षा विश्वासार्ह साक्षीदार आहे. गाडी काचेच्या कपाटात ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

गंजाबद्दलही असाच गैरसमज आहे. कॉर्व्हेटचे अंग पहिल्या दिवसापासून फायबरग्लासचे किंवा तत्सम मिश्रणाचे आहे, म्हणून तिला गंज लागत नाही, असे विक्रेते सांगतात. अंगाला लागत नाही, सांगाड्याला लागतो. १९६८ ते १९८२ च्या तिसऱ्या पिढीत पुढच्या काचेभोवतीचा पोलादी पिंजरा काचेच्या कडेतून झिरपणाऱ्या पाण्याने आतून सडतो आणि वरचे अंग चकाकत राहते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडील राज्यांतील गाड्यांत तर खालची चौकट आधी तपासावी लागते. याच पिढीत हेडलाइट वर येतात ते इंजिनाच्या निर्वातावर. रबरी नळ्या तडकल्या की एक डोळा उघडतो आणि दुसरा अर्धवट झोपेत राहतो. हे चित्र अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हमखास दिसते आणि त्यावर सगळे प्रेमाने हसतात. ब्रेकच्या बाबतीत मात्र हसण्यासारखे काही नव्हते. १९६५ ते १९८२ पर्यंतच्या चारही चाकांच्या डिस्क ब्रेकमधील ओतीव लोखंडाच्या नळकांड्यांना आतून गंज चढून खड्डे पडत आणि तेल गळे. बाहेरच्या कारागिरांनी त्या नळकांड्यांत गंजरोधक पोलादाचे अस्तर घालण्याचा उपाय काढला आणि तो मूळ भागापेक्षा टिकाऊ ठरला.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. जुनी गाडी कारखान्यातून आली तेव्हा होती त्यापेक्षा चांगली करता येते, पण केव्हा? तिच्या मागे पुरेशी माणसे असतील तेव्हा. कॉर्व्हेटच्या लाखो गाड्या आहेत, म्हणून तिच्या दाराच्या रबरापासून डॅशबोर्डच्या काचेपर्यंत सगळे नव्याने बनवणे कुणाला तरी परवडते. मूळ स्थितीत गाडी राखणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९७४ पासून काम करते. डॉज व्हायपरचे उदाहरण याच्या उलट आहे. १९९२ ते २०१७ दरम्यान तिच्या जेमतेम तीसेक हजार गाड्या बनल्या. तिचे दहा सिलिंडरचे इंजिनही दणकट म्हणूनच ओळखले जाते, परंतु तिच्या अंगाचा एखादा भाग फुटला तर तो पुन्हा बनवून विकण्याइतके गिऱ्हाईकच नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हा हिशेब अगदीच परका नाही. कॉर्व्हेट आपल्याकडे अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. सातव्या पिढीपर्यंत ती कारखान्यातून फक्त डाव्या स्टिअरिंगची निघत असे. परंतु त्याच शेव्हर्लेच्या स्पार्क आणि बीट पुण्याजवळच्या तळेगावात बनत होत्या. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरमध्ये तळेगावचे उत्पादनही संपले आणि २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. सेवा आणि सुटे भाग मिळत राहतील असे कंपनीने जाहीर केले होते. तरीही विक्री थांबल्याची बातमी येताच गाडीचा पुनर्विक्रीचा भाव कसा उतरतो, हे या मालकांनी अनुभवले. गाडी कालच्याइतकीच चांगली असते. तिच्या उद्याविषयीची खात्री गेलेली असते.

पेटीवर हक्क कुणाचा?

अमेरिकेत हा विषय गॅरेजमधून कायदेमंडळापर्यंत गेला आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला: कंपनी आपल्या विक्रेत्यांना जी निदानाची माहिती आणि साधने देते, ती स्वतंत्र गॅरेजलाही मिळाली पाहिजेत. २०१४ मध्ये उद्योगाने देशभर तसे करण्याचा समझोता केला. २०२० मध्ये त्याच राज्यात सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीपर्यंत हा हक्क वाढवला. त्याआधी २०१५ मध्ये मोटारीतील सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडणे हा स्वामित्वहक्काचा भंग मानू नये, अशी सूट केंद्रीय पातळीवर देण्यात आली होती. पाचव्या पिढीपर्यंतच्या गाड्यांना या सगळ्याची तितकीशी गरज नाही, कारण त्यांच्या पेट्या तुलनेने भोळ्या आहेत. नंतरच्या गाड्यांत मात्र पेटी मिळाली तरी ती नुसती बसवून भागत नाही. गाडीच्या क्रमांकाशी ती संगणकावर जुळवावी लागते. २०२० पासूनची इंजिन मध्यभागी असलेली आठवी पिढी तर चाकांवरचा संगणकच आहे. ती २०५० मध्ये कोण दुरुस्त करणार, या प्रश्नाचे उत्तर आजच्या कायद्यांवर अवलंबून राहील.

आयातशुल्काचा परिणाम येथे दुहेरी आहे. २०२५ च्या आदेशात पंचवीस वर्षांहून जुन्या संपूर्ण गाड्यांना शुल्कातून वगळले गेले. सुट्या भागांना तशी सरसकट सवलत नाही आणि जुन्या अमेरिकी गाडीचे नव्याने बनविलेले कितीतरी भाग आता चीन व तैवानमधून येतात. शंभर टक्के अमेरिकी म्हणून मिरवणाऱ्या गाडीची देखभाल अशी दूरच्या बंदरांवर अवलंबून आहे.

कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांच्या मालकांपुढे आणखी एक अडचण उभी आहे. तेथे १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी धूरचाचणी द्यावी लागते. १९९९ पर्यंतच्या गाड्यांची तपासणी अधिक कडक असते: गाडी रोलरवर चालवून धूर मोजतात आणि मूळची प्रदूषणरोधक उपकरणे जागेवर आहेत का, हेही डोळ्यांनी पाहतात. म्हणजे १९८४ ची कॉर्व्हेट स्वच्छ धूर सोडत असली तरी तिचे एखादे मूळ उपकरण नाहीसे झाले असेल, तर ती नापास होऊ शकते. आणि ते उपकरण बनवणारा आता कुणी असेलच असे नाही. हवेच्या दर्जासाठी दशकानुदशके झगडलेल्या राज्याने नियम सैल करू नये, हा युक्तिवादही वजनदार आहे. लॉस एंजेलिसच्या धुरक्याची आठवण अजून पुसलेली नाही. मात्र वर्षाला हजार-दोन हजार मैल धावणाऱ्या मूठभर गाड्यांचा त्या धुरक्यात वाटा किती, असा उलट प्रश्न मालक विचारतात.

पस्तीस वर्षांहून जुन्या आणि संग्राहकांसाठीचा विमा असलेल्या गाड्यांना या चाचणीतून वगळावे, असे विधेयक २०२५ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये संमत झाले. दूरचित्रवाणीवरील विनोदवीर आणि प्रसिद्ध मोटारसंग्राहक जे लेनो यांनी सॅक्रामेंटोत जाऊन त्याच्या बाजूने साक्ष दिली. विधेयकाला लोकांनी त्यांचेच नाव दिले. ऑगस्टच्या अखेरीस ते विधानसभेच्या अर्थविषयक समितीत अडकले आणि पुढे सरकले नाही. जे लेनो यांच्याकडे पदरी कारागीर असलेले स्वतःचे गॅरेज आहे. घरापुढच्या शेडमध्ये १९९३ ची एकच गाडी बाळगणाऱ्याने पाण्याचा पंप आणि त्याखालची पेटी सांभाळत तपासणी केंद्राची तारीख लक्षात ठेवायची आहे.